जुनी कार्बोरेटरची गाडी आणि ई२० पेट्रोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, पेट्रोलची जीप, असलं काही ज्यांच्या दारात अजून उभं आहे त्यांच्यासाठी हे पान. प्रश्न तेच तेच येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल (उसापासून वगैरे बनणारं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको: इथेनॉलने गाडीचा लगेच खुळखुळा होतो हेही खोटं आणि काहीच होत नाही हेही खोटं. रोज पळणारी गाडी थोडं काम करून घेतलं तर ई२० पचवते, महिनोन्महिने उभी राहणारी गाडी मात्र याने खरंच खराब होते.

हे इथेनॉल पेट्रोलमध्ये आलं कधी? मला तर कोणी सांगितलंच नाही.

सांगितलं नाही हे खरंय, पण आलंय खूप आधीपासून. २००१ मध्ये पहिले पायलट प्रोजेक्ट झाले त्यातले दोन आपल्याकडेच होते, मिरज आणि मनमाडला (तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीला). मग २००३ पासून ५ टक्के, तेही काही राज्यांतच आणि कधी मिळायचं कधी नाही. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर गेली, फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर ई२० सुरू झालं आणि २०२५ मध्ये २० टक्के गाठल्याचं सरकारने जाहीर केलं, जे मुळात २०३० चं टार्गेट होतं. म्हणजे १० वरून २० वर आपण तीन वर्षांत आलो आणि पंपावर साधं पेट्रोल हा पर्यायच उरला नाही (एक महागडं पेट्रोल सोडलं तर, ते पुढे येईल). इथेनॉल नसलेलं पेट्रोलही विकायला ठेवा अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. त्यामुळे कोणीतरी हे थांबवेल अशी वाट बघण्यात अर्थ नाही, गाडी तयार करून घ्या.

माझी मारुती ८०० कार्बोरेटरची आहे की इंजेक्शनची?

कार्बोरेटर, थोडक्यात कार्ब, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं मिक्स्चर बनवून इंजिनला देणारा भाग. बॉनेट उघडा. इंजिनच्या डोक्यावर मोठी गोल चपटी एअर फिल्टरची डबी बसवलेली असेल आणि गाडीत चोकची नॉब असेल तर कार्बोरेटर. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा बहुतेक गाड्या एमपीएफआय (म्हणजे इंजेक्शनच्या) झाल्या, त्यामुळे नव्वदच्या दशकातली गाडी असेल तर जवळजवळ नक्की कार्बच.

इंजेक्शनच्या जुन्या गाड्या चालतात मग कार्बोरेटरलाच एवढा त्रास का?

कारण कार्बोरेटरला डोकं नसतं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, मिक्स्चर पातळ झालं की तो कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. कार्बमध्ये एक पितळी जेट असतं, त्याला ठरलेल्या मापाचं भोक, त्यातून जेवढं जाईल तेवढं जाईल. आत काय ओतलंय हे त्याला कळत नाही.

आता साध्या पेट्रोलच्या १ किलोला जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ किलो, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. २० टक्के मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, पण जेट मात्र जुन्या १४.७ च्या हिशोबानेच पेट्रोल सोडतंय, म्हणजे इंजिनला लागतं त्यापेक्षा सात-आठ टक्के कमी मिळतंय. यालाच मेकॅनिक लोक 'गाडी लीन चाललीय' म्हणतात. १० टक्के होतं तेव्हा हा फरक तीन-चार टक्क्यांचा होता, आणि जुन्या कार्बच्या गाड्या तशाही थोड्या रिच (म्हणजे पेट्रोल जास्त) सेट केलेल्या असायच्या म्हणून कोणाच्या फार लक्षात आलं नाही.

लीन चाललीय हे मला कसं कळणार, मी मेकॅनिक नाही.

गाडीच सांगते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम उचलते. सिग्नलला आयडलिंग खालीवर होतं किंवा बंदच पडते. एका स्पीडला धरून चालवली की हळूहळू ओढल्यासोडल्यासारखी चालते. कार्बच्या तोंडातून फट असा आवाज येतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके. सकाळी चोक नेहमीपेक्षा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चढाला टेम्परेचरचा काटा वर जातो. प्लग काढून बघा, टोकाचं पोर्सिलेन पांढरंफटक दिसलं तर लीन, फिकट तपकिरी दिसलं तर ठीक, काळं काजळी धरलेलं असेल तर उलट रिच आहे आणि तुमचा प्रॉब्लेम दुसराच काहीतरी आहे.

एक मात्र आहे, हीच सगळी लक्षणं इनटेक मॅनिफोल्डचं (कार्बमधून इंजिनात जाणाऱ्या वाटेचं) पॅकिंग गेलं किंवा व्हॅक्यूमचा पाईप चिरला तरी येतात. त्यामुळे सगळं खापर इथेनॉलवर फोडायच्या आधी ते बघून घ्या. आजकाल इग्निशनचा पॉइंट खराब झाला तरी मेकॅनिक 'साहेब पेट्रोलच बेकार आलंय' म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

मग जेट बदलायचं का? कितीचं?

आधी मिक्स्चर स्क्रू आणि फ्लोटची लेव्हल (कार्बच्या कप्प्यात पेट्रोल किती भरतं ते) बघा, पण लक्षात ठेवा की मिक्स्चर स्क्रूने फक्त आयडलिंग सुधारतं, रस्त्यावर चालताना पेट्रोल मेन जेटमधूनच येतं. मिक्स्चर स्क्रू फिरवून फिरवून गाडी सुधारत नाहीये अशी तक्रार करणारे बरेच असतात, ती त्याने सुधारणारच नाही.

सोलेक्स टाईपच्या कार्बमध्ये मेन जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० नंबर म्हणजे १.२० मिमी. त्याच्या जागी १२५ बसवलं तर व्यास चारच टक्के वाढतो पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. म्हणजे साधारण एक साईझ वर. दोन साईझ वर जाऊ नका, गाडी पेट्रोल पिईल आणि प्लग काळे करेल. आयडल जेटही कधीकधी एक पायरी वर घ्यावं लागतं. बाकी कंपन्यांच्या जेटचे नंबर वेगळ्या हिशोबाने असतात, तिथे हे गणित जसंच्या तसं लावू नका.

आणि कृपा करून जुन्या जेटमध्ये तार घालून किंवा ड्रिल मारून भोक मोठं करू नका. काही गॅरेजमध्ये अजून करतात. एकदा भोक ओबडधोबड झालं की त्या जेटवरचा नंबर निरर्थक, पुढचा मेकॅनिक कपाळाला हात लावेल.

अ‍ॅम्बेसेडरला एसयू कार्ब असेल तर मजा आहे, त्यात जेट खालून वर-खाली करता येतं, नट थोडा फिरवला की पूर्ण रेंजमध्ये मिक्स्चर रिच होतं. पार्ट न बदलता काम होतं.

अ‍ॅव्हरेज किती पडेल?

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणात जवळजवळ सात टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के तोटा होईल असं लिहिलेलं आहे. म्हणजे १५ देणारी गाडी १४ देईल. कोणी १५ ची १० झाली म्हणत असेल तर कुठेतरी गळती आहे, ब्रेक जाम आहे किंवा चोक अडकलाय, ते शोधा.

रबरचं काय होतं नक्की? सगळे पाईप बदलायचे का?

हो, सगळे. या पानावरचा एकच सल्ला ऐकणार असाल तर हा ऐका, कारण बाकी सगळ्यात गाडी बंद पडते, इथे गाडी पेटते.

जुन्या गाड्यांचे पेट्रोल पाईप साध्या नायट्राईल रबरचे असायचे, साध्या पेट्रोलला ते उत्तम. इथेनॉल त्या रबरात शिरतं, रबर फुगतं, मऊ पडतं, आणि गाडी उभी राहून पाईप कोरडा पडला की ते आकसतं आणि कडक होतं. फुगणं-आकसणं असं वर्षभर चाललं की बाहेरून पाईप चांगला दिसतो पण क्लिपच्या जागी वाकवून बघितलं की बारीक चिरा दिसतात. आतून तर त्याचा थर सुटून काळा भुगा पुढे कार्बमध्ये जातो, मग जेट चोकअप झाला म्हणून आपण कार्ब साफ करत बसतो आणि आठवड्याने परत तेच. बऱ्याच गाड्यांत हा पाईप गरम मॅनिफोल्डच्या जवळून जातो हे वेगळं सांगायला नको.

नुसतं रबरच नाही, कॉर्कची पॅकिंग, टाकीच्या फ्लोट युनिटचं वायसर, निडल व्हॉल्व्हचं रबरी टोक, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम, हे सगळं त्याच रांगेतलं. चांगली बातमी ही की हे सगळे स्वस्त पार्ट आहेत. दुकानात जाऊन नुसतं 'पेट्रोल पाईप द्या' म्हणू नका, तो बंडलातला कुठला तरी काळा किंवा पारदर्शक पाईप कापून देईल. पाईपवर एसएई जे३० आर९ छापलेलं बघा, त्याच्या आतला थर व्हिटॉन जातीच्या रबरचा असतो आणि त्याला इथेनॉल काही करत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचा पाईप तर अजिबात नको, सहा महिन्यांत पिवळा पडून काचेसारखा तडकतो. क्लिपाही नवीन घ्या.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशातही काही जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट आणि गास्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात असं म्हटलंय. पण पद्मिनीवाला माणूस वर्षाला दीड-दोन हजार किलोमीटर चालवतो, त्या हिशोबाने त्याचा नंबर पंधरा वर्षांनी लागेल. त्यामुळे किलोमीटर मोजू नका, वर्षं मोजा. तीन वर्षांनी बदलून टाका आणि दर सर्व्हिसला हाताने दाबून बघा. आणि गाडीत छोटं फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, डिकीत सामानाखाली नाही, सीटजवळ.

इंजिन ऑईलला पेट्रोलचा वास येतोय आणि डिपस्टिकवर लेव्हल वाढलीय, हे कसं शक्य आहे?

गाडी चालवू नका. पद्मिनी आणि मारुतीचा पेट्रोल पंप इंजिनला चिकटलेला मेकॅनिकल पंप असतो, आत कापडावर रबर लावलेला डायफ्राम. तो फाटला की पेट्रोल थेट खाली इंजिन ऑईलमध्ये जातं, ऑईल पातळ होतं आणि बेअरिंग जातात. पंपाचं किट बदला, ऑईल आणि फिल्टर बदला, मगच स्टार्ट करा. किट घेताना इथेनॉलला चालणारा डायफ्राम आहे का हे विचारा, गोदामात वीस वर्षं पडलेलं 'ओरिजनल' किट बघून हरखून जाऊ नका, ते ओरिजनल आहे म्हणूनच टिकणार नाही.

कार्ब उघडला तर आत पांढरी पावडर आणि हिरवट डाग दिसले.

पांढरी पावडर म्हणजे कार्बची बॉडी गंजतेय. बॉडी जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, इथेनॉलबरोबर आलेलं पाणी आणि थोडी आम्लता फ्लोट चेंबरच्या तळाला बसते आणि तो भाग खात जाते. हिरवं म्हणजे पितळेच्या जेटवरचा गंज. चालत्या गाडीत हे फारसं होत नाही कारण पेट्रोल बदलत राहतं, कंपन्या पेट्रोलमध्ये गंजरोधकही टाकतात. उभ्या गाडीत फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट गाळ उरतो. साफ करताना पॉलिश पेपर नको, कार्ब क्लीनर आणि हवा मारा. ब्राझीलमध्ये अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा त्यांच्या कार्बला आतून निकेलचा मुलामा द्यायचे, आपल्याकडच्या कार्बला तसं काही नाही.

ई२० टाकायला लागल्यापासून फिल्टर सारखा चोक होतोय. पेट्रोलमध्ये कचरा आहे का?

कचरा तुमच्याच टाकीतला आहे. तीस वर्षांत टाकीच्या भिंतींना जो वार्निशसारखा थर आणि गंज धरून बसलेला असतो तो इथेनॉल सोडवतं. टाकी उतरवून एकदा साफ करून घ्या, नाहीतर दर महिन्याला फिल्टर बदलत बसाल. टाकीला आतून कोटिंग करून घेणार असाल तर ते इथेनॉलला चालणारं आहे का हे आधी बघा, साधं इपॉक्सी कोटिंग पापुद्रे सुटून बाहेर येतं आणि मग टाकी टाकूनच द्यावी लागते.

पेट्रोलचं पाणी होतं म्हणतात ते काय?

पाणी होत नाही, पाणी वेगळं होतं. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्येच विरघळून इंजिनमधून जळून जातं, हा खरं तर फायदाच. पण त्याला मर्यादा आहे. १० टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे साधारण ५ मिली पाणी मावतं, २० टक्क्यांत त्याहून जास्त. ती मर्यादा ओलांडली किंवा थंडीने मर्यादाच खाली आली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर जातं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाला जाऊन बसतात. ई२० मध्ये पाणी जास्त मावतं ही जमेची बाजू, पण एकदा फाटलं की तळाचा थरही मोठा असतो कारण ३० लिटरच्या टाकीत ६ लिटर इथेनॉलच आहे. आणि पेट्रोल ओढायची नळी तळालाच असते. इंजिनला तो थर गेला की ते मरतं, परत सुरू होत नाही. वर उरलेलं पेट्रोलही कामाचं राहत नाही कारण त्यातलं इथेनॉल गेलं की ऑक्टेन (पेट्रोल इंजिनात न खडखडता जळण्याचं माप) पडतो.

पाणी येतं कुठून? हवेतून ओढतं हे खरं आहे पण बंद झाकणाच्या टाकीत ते फार हळू होतं, कोकणात चार महिने पावसाळ्यात उभी राहिली तर गोष्ट वेगळी. माझ्या मते मोठे चोर दोनच. एक, पेट्रोलच्या झाकणाचं रबर गेलेलं असतं आणि पावसाचं पाणी आत झिरपतं. दोन, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी शिरतं. जोराचा पाऊस होऊन पंपाच्या आवारात पाणी साचलं असेल तर त्या दिवशी तिथे भरू नका. आणि भरल्यावर गाडी दोनचार किलोमीटरात बंद पडली तर लगेच बाटलीत थोडं पेट्रोल काढून बिलासकट पंपावर जा, उशीर केला तर कोणी ऐकत नाही.

फाटलेलं पेट्रोल हलवून किंवा बाटलीतलं औषध टाकून परत एक होत नाही. टाकी रिकामी करा, दुसरा उपाय नाही.

गाडी वर्षातून चारदाच काढतो. टाकी भरून ठेवू की रिकामी?

दोन महिन्यांच्या आत परत काढणार असाल तर गच्च भरून ठेवा, हवा कमी राहिली की ओलावाही कमी आणि टाकीला वरून गंज धरत नाही. त्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून दुसऱ्या चालत्या गाडीत घालून संपवा आणि मग पंपाचा पाईप काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्ब कोरडा होतो. पण सगळ्यात उत्तम म्हणजे दर पंधरा दिवसांनी वीस-पंचवीस किलोमीटर खरंच चालवून आणा. नुसती दारात स्टार्ट करून पाच मिनिटं गुरगुरवून बंद करू नका, त्याने इंजिन गरम होत नाही, जळताना तयार झालेली वाफ ऑईलमध्येच राहते आणि ऑईल भरायच्या झाकणाखाली दुधाळ मलई जमते. गाडी सासूबाईंच्या नावावर आहे आणि त्या बाहेर काढू देत नाहीत, असंही ऐकलंय, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

उन्हाळ्यात घाटात गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते.

व्हेपर लॉक. पेट्रोल पाईपमध्येच उकळून वाफ होते आणि मेकॅनिकल पंपाला वाफ ओढता येत नाही. पूर्वीही व्हायचं, खंबाटकी किंवा कसाऱ्याला बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले लोक जुन्यांनी पाहिलेत. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की वाफ होण्याची ओढ थोडी वाढते, वर लीन चालल्याने इंजिन जास्त तापतं, दोन्ही एकदम. उपाय जुनेच: पाईप मॅनिफोल्डपासून लांब न्या, त्याला उष्णतारोधक नळी चढवा, कार्बखालचं जाड बेकेलाईटचं पॅकिंग जागेवर आहे का बघा (कोणीतरी कधीतरी काढून फेकलेलं असतं), रेडिएटर साफ करा. ओलं फडकं आजही चालतं.

थंडीत सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देते.

देणारच, इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या मानाने अडीचपट उष्णता लागते. चोक पूर्ण ओढा, बॅटरी आणि प्लग चांगले ठेवा. मुंबईत जाणवणार नाही, नाशिकला डिसेंबरात जाणवेल.

बाटलीतली अ‍ॅडिटिव्ह टाकू का? रॉकेल? टू-टी ऑईल?

चांगल्या कंपनीचं स्टॅबिलायझर गंज आणि गाळ थोडा रोखतं, उभ्या गाडीसाठी टाका हवं तर. ते इथेनॉल काढून टाकत नाही आणि मिक्स्चर सुधारत नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. रॉकेल नको. टू-टी ऑईल टाकून काही फायदा नाही, प्लग मात्र तेलकट होतील.

पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल धुवून काढायचा उद्योग काही जण करतायत, तो कृपया करू नका. घरात वीस लिटर पेट्रोल हलवणं म्हणजे आगीला निमंत्रण, आणि उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन इतका खाली येतो की इंजिन चढाला खडखडायला लागतं.

माझ्या पंपावर नक्की किती टक्के आहे हे घरी तपासता येईल का?

येईल, आणि एवढ्याशा पेट्रोलवर करायला हरकत नाही. काचेचं १०० मिलीचं मापाचं नळकांडं घ्या, १० मिली पाणी टाका, ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवा, मधे एकदा दाब सोडा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरून २८ च्या आसपास गेला तर १८ मिली इथेनॉल, म्हणजे २० टक्के. अगदी लॅबसारखं अचूक नाही पण अंदाज येतो. उघड्यावर करा, सिगारेट लांब, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

१०० ऑक्टेनवालं महाग पेट्रोल टाकलं तर?

इंडियन ऑइलने एक्सपी१०० मध्ये इथेनॉल नसल्याचं सांगितलंय, त्यामुळे लांबच्या मुक्कामाला गाडी उभी करायच्या आधीची शेवटची टाकी म्हणून ते छान. रोज टाकायला दीडपट भाव देणं परवडत असेल तर तुमची मर्जी. पद्मिनीच्या इंजिनला १०० ऑक्टेनचा उपयोग शून्य, तिचं कॉम्प्रेशन एवढं कमी आहे की साधं ई२० चं ९५ ऑक्टेनसुद्धा तिला जास्तच होतं. ९५ नंबरवालं प्रीमियम पेट्रोल मात्र इथेनॉलशिवायचं समजून घेऊ नका, त्यात इथेनॉल असतंच.

गाडीला सीएनजी किट आहे, मग मला काय फरक पडतो?

उलट तुम्हालाच जास्त. सीएनजीवाल्यांची टाकी रिझर्व्हच्या खाली चार-पाच लिटर पेट्रोल घेऊन वर्षभर तशीच पडलेली असते, अर्ध्याहून जास्त टाकी हवा, कार्ब कोरडा, डायफ्राम कडक. मग एक दिवस सीएनजीच्या रांगेत गॅस संपला म्हणून पेट्रोलवर घेतात आणि गाडी ढिम्म हलत नाही. आठवड्यातून एकदा तरी पेट्रोलवर चालवा, आणि थोडंच भरा पण ताजं भरा.

ब्राझीलमध्ये ३० टक्के चालतं, मग आपल्यालाच काय अडचण?

ब्राझीलने हा कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू केला, तिथल्या गाड्या तेव्हापासून त्या हिशोबानेच बनतात आणि ३० टक्क्यांवर ते ऑगस्ट २०२५ मध्ये आले. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचं सुपर पेट्रोल पंपावर ठेवलं. अमेरिकेत १५ टक्क्यांचं पेट्रोल २००१ च्या आधीच्या गाड्यांत घालायला परवानगी नाही. उसाच्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळत असतील, कारखान्यांची देणी फिटत असतील तर मला आनंदच आहे, कोल्हापूर-सांगलीकडचा कोणीही तेच म्हणेल. पण जुन्या गाड्यांना एखादा ५ टक्क्यांचा नळ प्रत्येक शहरात ठेवला असता तर काही बिघडलं नसतं.

जुन्या इंजिनच्या व्हॉल्व्ह सीट जातात त्या इथेनॉलने का?

नाही, ते शिसं काढल्यामुळे. भारतात शिसं असलेलं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. वेगळा विषय आहे, दोन्ही एकत्र करू नका.

स्कूटर, आरएक्स १००, चेतकला पण हेच सगळं?

पाईप, कॉकचं वायसर, कार्ब, सगळं तेच. टू-स्ट्रोकला एक जादा धोका: पेट्रोल फाटलं तर तळाच्या पाणी-इथेनॉलच्या थरात पेट्रोलमध्ये घातलेलं ऑईल नसतं, तो थर इंजिनमध्ये गेला तर पिस्टन जाम होऊ शकतो. पावसाळ्यात उभी राहिलेली स्कूटर काढताना आधी टाकीतलं पेट्रोल बाटलीत घेऊन बघा, दोन थर दिसले तर ओतून टाका.

एवढं सगळं एकदम करायला पैसे नाहीत, कुठून सुरू करू?

पाईप, क्लिपा आणि पंपाचं किट आधी, या महिन्यात. मग टाकी साफ आणि नवीन फिल्टर. मग कार्बचं किट टाकून ओव्हरहॉल. जेट सगळ्यात शेवटी, कारण घाण कार्बवर जेट बदललं तर कशाने काय सुधारलं ते कधीच कळणार नाही. मेकॅनिक उलट क्रमाने सुचवेल, कारण जेट बदलायला दहा मिनिटं लागतात आणि टाकी उतरवायला अर्धा दिवस.